भेट मिळालेली होडी

रोज सकाळी नऊच्या सुमारास संग्रहालयाची कोठारवाली बाई होडीच्या दालनात जायची, कोपऱ्यातल्या यंत्राखालचा डबा उचलायची आणि मागच्या मोरीत रिकामा करायची. हवेतली ओल शोषून घेणारं ते यंत्र होतं. लाकडाला बुरशी धरू नये म्हणून ते दिवसरात्र घुरघुरत असायचं आणि दिवसाला चार-पाच लिटर पाणी गोळा करायचं. बाकीच्यांच्या मते ते हवेतलं पाणी होतं. कोठारवालीला मात्र पक्कं ठाऊक होतं, की हे पाणी आपल्या बापाच्या होडीचं आहे. एकोणीस वर्षं ती स्वतःच्या हाताने ते मोरीत ओतत होती, आणि दरवेळी तिच्या तोंडून साहेबांच्या नावाने एक अस्सल शिवी निघायची. मोरीजवळ ऐकायला कोणी नसायचं, म्हणून ती अगदी मोकळ्या मनाने द्यायची.

साहेब म्हणजे या संग्रहालयाचे संचालक. तसं संग्रहालय त्यांनी काढलेलं नव्हतं. ते काढलं एका शाळामास्तरांनी, पन्नास वर्षांपूर्वी, शाळेच्या मागच्या खोलीत. नांगराचे फाळ, चरखे, लाकडी कुलपं, पाळणे, मासे धरायच्या टोपल्या, जे घरातून बाहेर पडतंय ते मास्तर गोळा करायचे. पण त्यांचा एक नेम होता. माणसाने आपण होऊन दारात आणून दिली तरच वस्तू घ्यायची, आणि देणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी दोऱ्याने वस्तूला बांधायची. मास्तर गेले तेव्हा खोलीत तीनशे वस्तू होत्या आणि तीनशे नावं होती.

मग साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर ट्रक आला. नदीकाठचं धान्याचं जुनं गोदाम त्यांनी सरकारकडून मिळवलं. गावोगाव ट्रक फिरायला लागला. साहेब तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, बोलायला लोण्यासारखे मऊ. "दोन महिने प्रदर्शनाला द्या, मावशी. दारात आणून पोचवतो," असं म्हणायचे आणि चुलीपुढचा पाटसुद्धा उचलून न्यायचे. तीनशेच्या चार हजार झाल्या. मास्तरांच्या चिठ्ठ्या त्यांनी पहिल्याच वर्षी कात्रीने कापून टाकल्या. दोरे अशास्त्रीय दिसतात, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी वस्तूच्या बुडाला लाल रंगात आकडा आला. कोठारवालीच्या बापाची होडी अकराशे सत्याऐंशी झाली.

कोठारवाली तेव्हा नऊ वर्षांची होती. बाप नावाडी. नदीवर पूल नव्हता, सगळं गाव त्याच्या होडीतून अलीकडे-पलीकडे व्हायचं. साहेबांनी होडी मागितली तेव्हा बाप इतका हरखला, की त्याने ती आदल्या दिवशी घासूनपुसून लख्ख केली आणि ट्रकवर चढवायला स्वतः खांदा दिला. "आपली होडी मोठ्या माणसांना बघायचीय," असं तो आठवडाभर सांगत सुटला होता. दोन महिन्यांनी आणायला गेला, तर साहेब म्हणाले, "अहो, तिची नोंद झाली की. नोंदवहीत गेलेली वस्तू बाहेर जात नाही, नियमच आहे." नोंदवहीत लिहिलं होतं: होडी. नदीकाठचे लोक. भेट. बापाला वाचता येत नव्हतं. त्याने मान डोलावली आणि चालत घरी आला.

नवी होडी बांधण्याची ऐपत नव्हती. बाप दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारायला लागला, मग दोन वर्षांनी पूल झाला आणि तेही सुटलं. मग तो हमाली करायचा. दर रविवारी मात्र अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून संग्रहालयात जायचा आणि होडीपुढे उभा राहायचा. साहेबांनी होडीत कापडदुकानातला एक गोरापान पुतळा बसवला होता, त्याच्या हातात वल्हं उलटं दिलं होतं. बाप पहारेकऱ्याला दर रविवारी सांगायचा, की ते वल्हं तेवढं सुलटं करा. सतरा वर्षं सांगून तो मेला. पुतळा अजून उलटंच वल्हं धरून बसला होता.

बाप गेल्याच्या पुढच्या वर्षी तिने संग्रहालयात झाडलोटीची नोकरी धरली. झाडता झाडता नोंदी करायला शिकली आणि कोठार तिच्या ताब्यात आलं. बावीस वर्षं झाली. लग्नाने आडनाव बदललं होतं. या बावीस वर्षांत साहेबांनी तिला एकदाही विचारलं नाही, की बाई, तुम्ही कुठल्या, कोणाच्या. साहेबांनी नावाड्यांवर तीनशे पानांचा ग्रंथ लिहिला, आणि नावाड्याची मुलगी रोज त्यांच्या खोलीत चहाचा कप ठेवून जात होती.

तिला होडी हवी होती. आई जिवंत आहे तोवर हवी होती. आणि खरं सांगायचं तर नुसती होडी मिळून तिचं भागणार नव्हतं. बाप ज्या तोंडाने हात हलवत परत आला, ते तोंड तिला साहेबांचं झालेलं बघायचं होतं, आणि तेही चारचौघांत.

संधी साहेबांनी स्वतःच आणून दिली. संग्रहालयाला पन्नास वर्षं पुरी होत होती आणि दोनदा मुदतवाढ घेऊन झाल्यावर साहेबही दुसऱ्याच दिवशी निवृत्त होत होते. बैठकीत ते म्हणाले, "मी होडीतून येणार. नावाड्याचा जुना अंगरखा घालून, स्वतः वल्हवत. पाहुणे मागच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसतील. काय?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात कोठारवालीने.

त्या संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आई चौऱ्याहत्तरची, डोळे अधू, जीभ मात्र शाबूत.

"किती वर्षं कोरडी आहे ती?" आईने विचारलं.

"चाळीस."

"आणि पाण्यात घालायच्या आधी बुडवून ठेवणार आहेत का चार दिवस?"

"त्यांना कुठलं माहीत?"

"अगं, ग्रंथ लिहिलाय ना मेल्याने!"

"वाचलाय मी तो सगळा. त्यात वल्ह्यांचे अकरा प्रकार आहेत. बुडवायचं कुठे नाही."

आई हसली. नदीकाठी हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. होडी काही दिवस उन्हात राहिली, की फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. म्हणून नावाडी तिला दगड घालून काठाशी बुडवून ठेवतो. तीन-चार दिवसांत फळ्या फुगतात, सांधे आपोआप मिटतात, मग पाणी उपसून तिला बाहेर काढायचं. न भिजवता कोरडी होडी पाण्यात लोटणं म्हणजे चाळणीत बसणं. साहेब ही गोष्ट कोणालाही विचारू शकले असते. पण गावात विचारण्यापेक्षा गावाबद्दल लिहिण्याची त्यांना सवय होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने यंत्राचं बटण आठवड्याला एकेक घर कोरड्याच्या बाजूला सरकवायला सुरुवात केली. त्या दालनात होडी आणि जाळ्यांचे दगड सोडून दुसरं काही नव्हतं, त्यामुळे कोणाचं नुकसान नव्हतं. रोजचा ओलीचा आकडा तिने नोंदवहीत खराखरा लिहिला. ती वही कोणी उघडत नव्हतं. महिन्याभरात फळ्यांमध्ये नख जाईल एवढ्या फटी पडल्या. पुढे नख सोडा, करंगळी जायला लागली.

वस्तूंची डागडुजी करणाऱ्या माणसाला सगळे डॉक्टर म्हणायचे. पांढरा कोट घालायचा आणि फुटक्या मडक्यालाही "कसं वाटतंय आता?" असं विचारायचा. त्याने होडी तपासली, फटी बघून हळहळला आणि आठ दिवस बसून त्यांत रंगवलेलं मेण भरलं. काम मात्र देखणं केलं.

"आता सांधा कुठे आहे तो दाखवा बरं!" तो कोठारवालीला म्हणाला.

"नाही बाई दिसत," ती म्हणाली. "पाण्यात टिकेल का हो?"

"मेणातून पाणी जात नाही, बाई."

हे खरंच होतं. पण माणूस आत उभा राहिला आणि फळ्या हलल्या, की मेण सुटतं, हेही तितकंच खरं होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही. उगाच त्या भल्या माणसाला पुढे कोणी धारेवर धरू नये, एवढी मात्र तिने काळजी घ्यायची ठरवली.

कारण संग्रहालयातून वस्तू बाहेर निघायची तर कोठारातून चिठ्ठी निघावी लागते. वस्तू कशी आहे, काय जपायचं, ते कोठारवालीने लिहायचं आणि संचालकांनी सही करायची. यात तिला खोटं लिहायचं नव्हतं. खोटेपणा करणारे ते होते, ती नव्हती. तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं: "लाकूड अतिशय कोरडे. पाण्यात सोडण्यापूर्वी चार दिवस बुडवून ठेवणे आवश्यक, अन्यथा बुडेल. एकाहून अधिक माणसांनी बसू नये." आणि चिठ्ठी घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली.

हा माणूस बावीस वर्षांत एकही चिठ्ठी वाचलेला नव्हता. पण आज वाचली तर? चार दिवस होडी बुडवतील, साहेब ऐटीत वल्हवत येतील, टाळ्या पडतील, होडी पुन्हा त्या यंत्राजवळ जाऊन बसेल आणि आई तिकडे डोळे मिटेल. साहेबांनी चष्मा लावला. चिठ्ठी हातात धरली. ती मनातल्या मनात म्हणत होती, वाचू नको, आयुष्यभर वाचलं नाहीस, आता नको वाचूस.

"किती लिहिता हो तुम्ही बायका," साहेब म्हणाले. "एका ओळीचं काम असतं."

"नियमात आहे ना, साहेब."

"बरोबर, बरोबर. नियम म्हणजे नियम." त्यांनी सही ठोकली आणि चष्मा काढून भाषणाचा कागद जवळ ओढला. "त्या अंगरख्याला इस्त्री करा तेवढी."

तिने इस्त्री इतकी कडक केली, की बाही कागदासारखी उभी राहिली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिने काठाकाठाने बांबू घालून पाणी मोजलं. साहेब मरायला नको होते. मेलेल्या माणसाची फजिती होत नाही. घाटाच्या वरच्या अंगाला, पन्नास पावलांवर, पाणी छातीपर्यंत आणि खाली घोट्याएवढा चिखल अशी जागा होती. होडी तिथून सोडायची, असं तिने शिपायांना सांगितलं.

सकाळी अकरा वाजता पायऱ्या भरल्या. बँड होता, पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे होते, फोटोवाले गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरले होते. होडी हातगाड्यावरून आणून पाण्यात लोटली आणि ती तरंगली. डॉक्टरचं मेण फारच उत्तम होतं. साहेब अंगरखा सावरत आत चढले. एका पाहुण्यांनाही बरोबर चढायचं होतं. ती पुढे झाली, "एकालाच परवानगी आहे, साहेबांची सही आहे," म्हणाली. पाहुणे ओशाळून मागे सरले.

साहेब उभे राहिले, वल्हं हातात घेतलं. उलटं. पायऱ्यांवर बसलेले दोन म्हातारे खोकल्यासारखे हसले. साहेबांनी पहिला हात मारला, फळ्या कुरकुरल्या, आणि मेणाची एक लांब तपकिरी दोरी सांध्यातून निघून साहेबांच्या पायापाशी वळवळत वर आली. त्यांनी खाली पाहिलं. दुसरी आली. मग सगळीकडून एकदमच पाणी शिरलं.

"अरे!" साहेब ओरडले. "अरे, धरा!"

धरायला कोणी गेलं नाही, कारण बँडवाल्यांना वाटलं हाच इशारा, आणि त्यांनी दणक्यात सुरुवात केली. अंगरखा फुग्यासारखा फुगून साहेबांच्या कानापर्यंत आला. होडी त्यांच्या पायाखालून सावकाश खाली गेली, ते उभेच होते, गुडघे गेले, कंबर गेली, छातीपाशी येऊन थांबले. मग त्यांनी होडीबाहेर पाय टाकला, चिखलाने तो परत काढू दिला नाही, आणि ते तोंडावर आडवे झाले. हसू कुठून सुरू झालं ते कळलं नाही. पण एकदा सुरू झालं ते पायऱ्या चढून वरपर्यंत गेलं. पाहुणे हसले, शिपाई हसले, पहारेकरी तर रडेपर्यंत हसला. शिपायांनी साहेबांना काखेत धरून बाहेर ओढलं तेव्हा त्यांचा एक जोडा नदीतच राहिला होता.

कोठारवाली हसली नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. काय झालं ते न कळलेलं, सगळ्यांसमोर उघडं पडलेलं ते तोंड तिने डोळे भरून पाहिलं. बाप नोंदवहीपुढून परत आला तेव्हा अगदी असाच दिसत होता. तिला फार बरं वाटलं. असं बरं वाटण्याची लाज वाटेल, असं तिला आधी वाटलं होतं. तसलं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब कामाचा ताबा सोपवायला आले ते नाक ओढत. आधी डॉक्टरवर तुटून पडले. कोठारवालीने चिठ्ठी पुढे ठेवली. साहेबांनी ती वाचली, खालची आपली सही बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग तिने दुसरा कागद ठेवला. वस्तू मांडण्यालायक राहिली नाही, ती नोंदवहीतून कमी करावी, जो उचलेल त्याने ती न्यावी.

हा कागद मात्र त्यांनी अक्षरन् अक्षर वाचला.

"कोण नेतंय?"

"मीच नेईन. चुलीला होईल."

"न्या. जाळा तिला!" साहेब म्हणाले आणि इतक्या जोरात सही केली, की कागद टोकाशी फाटला. नोंदवहीत अकराशे सत्याऐंशीवर तांबडी रेघ त्यांनी स्वतःच्या हाताने ओढली. नोंदवहीतून बाहेर गेलेली वस्तू आत येत नाही, हाही नियमच होता.

होडी चार दिवस तिथेच पाण्याखाली राहिली. कोणी तिच्याकडे फिरकलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी कोठारवालीने सुट्टी टाकली, दोन कोळी बोलावले, होडी काठाशी ओढून पाणी उपसलं. आईला हाताला धरून आणलं होतं. आईने वाकून फळ्यांवरून तळवा फिरवला. एक सांधा, दुसरा, तिसरा. बोटाला कुठेही फट लागली नाही.

"मिटली," आई म्हणाली आणि रडायला लागली.

दोघी होडीत बसल्या. कोठारवालीने वल्हं घेतलं. काठापासून चार हात गेल्या असतील, तेवढ्यात पायऱ्यांवरून हाका ऐकू आल्या. साहेब होते, अंगात नवा सुती सदरा होता. निवृत्तीनंतर खोलीतली पुस्तकं न्यायला आले असावेत. तरंगणारी होडी बघून त्यांचा जबडा खाली आला होता.

"अहो बाई! ही... ही तर चांगली आहे! परत आणा ती. संग्रहालयाची वस्तू आहे."

"कमी केलीत तुम्ही, साहेब. वाचून सही केलीत."

"मी रागात होतो!"

"रागात केलेली सही चालते की," ती म्हणाली. "माझ्या बापाने तर ही होडी हसत हसत दिली होती. खांदा लावून ट्रकात चढवली होती. त्याचं काय चाललं?"

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग होडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्याकडे इतका वेळ बघत होते.

"तुम्ही... नावाड्याची..." त्यांनी एक पायरी खाली उतरून हात जोडले. "मला माहीत नव्हतं. खरंच. काय नाव होतं त्यांचं?"

तिच्या तोंडावर नाव आलं होतं. चाळीस वर्षं त्या दालनात लिहिलं जायला हवं होतं ते नाव. तिने ते गिळलं. याला नाही सांगायचं, असं तिने ठरवलं.

"आता कशाला?" ती म्हणाली आणि वल्हं पाण्यात घातलं.

आईला नीट दिसत नव्हतं. तिने मान वळवून विचारलं, "कोण गं तो? कोणाशी बोलतेस एवढं?"

"तोच. साहेब."

"साहेब?" आई एकदम ताठ बसली. "इतक्या जवळ आलाय आणि कोरडाच परत पाठवतेस?"

कोठारवालीने मागे पाहिलं. साहेब शेवटच्या पायरीवर उभे होते, अजून हात जोडलेले. तिने वल्हं आडवं धरलं, अंगात होती नव्हती ती सगळी ताकद लावली आणि पाण्यावर फाडकन मारलं. साहेब मागे सरकले, पण पायरी ओली होती आणि त्यांना उशीर झाला होता.